राउटर बदलण्याआधी: घरातल्या वाय-फायचा वेग नेमका कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन. कंपनीने दिलेली पेटी (फायबर जोडलेला मोडेम-राउटर) हॉलमध्ये टीव्ही युनिटच्या कप्प्यात आहे. हॉलमध्ये वेग बरा मिळतो, आतल्या बेडरूममध्ये १५–२० वर येतो. संध्याकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो, आणि आठवड्यातून एक-दोनदा पेटी बंद करून परत चालू करावी लागते. सात-आठ हजारांचा नवा राउटर घेतला तर हे सगळं सुटेल का?

आत्ताच घेऊ नका. तुम्ही तीन तक्रारी सांगितल्या आहेत आणि बहुतेक त्यांची कारणंही तीन वेगवेगळी निघतील. आतल्या खोलीत वेग पडतो तो सिग्नलमुळे. संध्याकाळी आवाज तुटतो त्याचा सिग्नलशी संबंध असेलच असं नाही. आणि पेटी अडकते त्यामागे फार वेळा अॅडॅप्टर असतो. नवा राउटर त्याच कप्प्यात ठेवला तर पहिली तक्रार जवळपास तशीच राहील, बाकीच्या दोन सुटल्या तर नशिबाने सुटतील. आधी मोजा, मग खर्च करा.

पहिलं मोजमाप वायरने

लॅपटॉप लॅन केबलने थेट पेटीला जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. सकाळी सातच्या सुमारास एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा. वायरवर सकाळी २०० आणि रात्री ६० येत असतील, तर दोष घराबाहेर आहे. कुठलाही राउटर तो दुरुस्त करणार नाही. दोन्ही वेळा १९०–२०० आला तर कंपनी आपलं काम चोख करते आहे आणि पुढचं सगळं घरातलं आहे.

आकडा ९२ ते ९५ वर अडकून बसला तर लगेच ओळखा: वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट किंवा खराब केबल आहे. १०० च्या पोर्टमधून प्रत्यक्षात मिळतो तो वेग एवढाच. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. तिथे १००० ऐवजी १०० दिसत असेल तर आधी केबल बदला. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० साठी दोनच लागतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) चारही. एक तार तुटली किंवा क्रिंप (टोकाच्या कनेक्टरची पकड) नीट बसली नाही की जोडणी गुपचूप १०० वर उतरते, दिवे नेहमीसारखे लुकलुकत राहतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. केबल बदलूनही १०० च दिसलं तर पेटीचा दुसरा पोर्ट बघा. काही पेट्यांत चारपैकी एकच पोर्ट गिगाबिटचा असतो. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल आणि तुम्ही यूएसबी अॅडॅप्टर वापरत असाल, तर तोही गिगाबिटचाच हवा. स्वस्तातले बरेच १०० चेच असतात आणि मग सगळं मोजमाप फसतं.

एककांचा घोळही इथेच मिटवा. २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २०० मेगाबिट. फाइल उतरवताना ब्राउझर मेगाबाइट दाखवतो, म्हणजे आठाने भागायचं. २०० च्या प्लॅनवर डाउनलोड २३–२४ मेगाबाइटने चालत असेल तर प्लॅन पूर्ण मिळतो आहे.

आता दुसरं मोजमाप. मला विचाराल तर स्पीड टेस्टपेक्षा हे जास्त मोलाचं आहे. लॅपटॉप चार्जरला लावून बेडरूममध्ये, वाय-फायवर ठेवा. कमांडच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला सतत पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजा (पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), दुसरीत ८.८.८.८ ला (हा घराबाहेरचा, गूगलचा पत्ता). दोन्ही चालू ठेवून मीटिंग घ्या. आवाज तुटेल त्या क्षणी बघा. राउटरचाच पिंग ३ मिलिसेकंदांवरून २०० वर उडाला किंवा उत्तरच आलं नाही, तर दोष वाय-फायचा. राउटरचा पिंग स्थिर राहिला आणि फक्त ८.८.८.८ चा उडाला, तर दोष राउटरच्या पलीकडे, म्हणजे लाइनवर किंवा लाइन तुंबल्यामुळे. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मी चुकीची खरेदी टळते. हे फोनवरून करू नका. फोन बॅटरी वाचवण्यासाठी वाय-फाय मध्येमध्ये झोपवतो, त्यामुळे त्याचा पिंग उगाच वरखाली होतो.

पेटी अडकते म्हणजे नेमकं काय होतं

"बंद करून चालू केलं की चालतं" यात दोन निराळे आजार लपलेले असतात. पेटीच्या स्टेटस पानावर (ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकला की उघडतं) अपटाइम, म्हणजे शेवटची सुरू झाल्यापासूनचा काळ, दिसतो. तक्रार आली की बंद करण्याआधी तो आकडा बघा. अपटाइम काही मिनिटांचाच असेल, तर पेटी अडकलेली नव्हती. ती स्वतःहून बंद पडून परत सुरू झाली होती. हा विजेचा आजार. अपटाइम चार-पाच दिवसांचा आहे आणि तरी नेट नाही, तर वॅनची, म्हणजे पेटीची बाहेरच्या नेटशी असलेली, जोडणी तुटली आहे किंवा फर्मवेअर (पेटीतलं सॉफ्टवेअर) गुंतलं आहे. अशा वेळी त्याच पानावर वॅनचा आयपी पत्ता आहे का बघा. पत्ताच नसेल तर कंपनीकडे तक्रार करा. पत्ता आहे, पिंग जातो, पण साइट उघडत नाहीत, तर डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलून बघा: १.१.१.१ किंवा ८.८.८.८.

विजेच्या आजाराकडे फार कमी लोक लक्ष देतात. पेटीसोबत येणारा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अॅडॅप्टर दोन-तीन वर्षं रात्रंदिवस गरम राहतो. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हळूहळू सुकतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे, आणि बंद कप्प्यात टीव्हीच्या मागे ते वाढतंच. असा थकलेला अॅडॅप्टर मोकळा मोजला तर मल्टिमीटरवर १२ व्होल्ट छान दाखवतो. पण पेटीवर भार आला, चार जण एकदम व्हिडिओ बघायला लागले, की व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि पेटी रीस्टार्ट होते. म्हणून भारावर मोजा, किंवा सरळ दुसरा अॅडॅप्टर लावून आठवडाभर बघा. दोन-तीनशे रुपयांत निकाल लागतो.

अॅडॅप्टर घेताना व्होल्टेज तंतोतंत तेच हवं. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ लावू नका. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. मधली पिन धन आहे का, ते लेबलवरच्या खुणेवरून पडताळा. पिनच्या मापात एक सापळा आहे: बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर सारखाच, पण आतलं भोक २.१ आणि २.५ अशा दोन मापांचं येतं. २.१ च्या सॉकेटमध्ये २.५ ची पिन शिरते, पण सैल बसते, आणि टेबलाला धक्का लागला तरी पेटी बंद पडते.

वीज गेल्यावर नेट टिकावं म्हणून मिनी यूपीएस घेणार असाल तर त्यावरच्या एमएएचच्या (बॅटरीच्या क्षमतेच्या) आकड्याला भुलू नका. तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, १२ व्होल्टचा नाही. ८८०० एमएएच म्हणजे सुमारे ३२ वॅट-तास. रूपांतरातली घट धरली तर २७ च्या आसपास हाती येतात. पेटी आणि राउटर मिळून १० वॅट खात असतील तर अडीच तासांचा हिशोब धरा, आणि दोन वर्षांनी त्याचे दीड. यूपीएसला वीज देणारा अॅडॅप्टर २ अँपिअरचा लावा, कारण त्याला पेटी चालवायची आहे आणि सेलही भरायचे आहेत. एक गोष्ट आधीच विचारून ठेवा: तुमच्या इमारतीत फायबर थेट घरापर्यंत येतो, की जिन्यातल्या स्विचपर्यंत फायबर आणि तिथून लॅन केबल? जीपॉन, म्हणजे थेट घरापर्यंतच्या, फायबरवर वाटेतल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या जोडाला) वीज लागत नाही, त्यामुळे इमारतीची वीज गेली तरी यूपीएसवर नेट चालू राहतं. जिन्यातल्या स्विचची वीज गेली तर तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही.

गच्चीवरून येणारी तांब्याची लॅन केबल असेल तर मे-जूनमधल्या गडगडाटात ती पेटीतून काढून ठेवा. जवळ वीज पडली की अशा लांब तारेतून झटका येतो आणि वॅन पोर्ट जळतो. अॅडॅप्टर बंद केल्याने हा धोका टळत नाही, केबलच उपसायला हवी. शुद्ध काचेच्या फायबरमधून असा झटका येत नाही.

फायबरचा आकडा

पेटीच्या पानावर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर (पेटीपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) असा आकडा असतो, उणे डीबीएममध्ये; शून्यापासून जितका लांब तितका प्रकाश क्षीण. घरगुती जीपॉन पेट्यांची नेहमीची मर्यादा −८ ते −२७. −१८ ते −२४ असेल तर निश्चिंत राहा. −२६ च्या पुढे गेला की पावसाळ्यात किंवा उन्हाच्या तडाख्यात जोडणी ये-जा करू लागते, एलओएसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा मध्येच लुकलुकतो. आधी घरातलाच फायबर बघा: फर्निचरच्या मागे चेपला आहे का, खिळ्याला घट्ट वळवून बांधला आहे का. वळणाची त्रिज्या तीन सेंटिमीटरपेक्षा कमी नको. हिरव्या टोकाचा कनेक्टर काढून पुसू नका आणि त्याच्या आत डोकावून तर मुळीच बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण असतो. कंपनीला फोन करताना "नेट स्लो आहे" असं न सांगता "आरएक्स पॉवर −२८ आहे" असं सांगा. त्या वाक्याने तक्रार पहिल्या पायरीवरून थेट लाइनमनकडे जाते.

आतली बेडरूम

वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो पण रुंदी कमी आणि गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीत जास्त मरतो. बेडरूममध्ये १५–२० मिळतात याचा अर्थ बहुधा फोन तिथे २.४ वर गेला आहे. २.४ वर २० मेगाहर्ट्झ रुंदीत दोन अँटेनांच्या जुन्या उपकरणाला कागदोपत्री १४४ एमबीपीएस मिळतात, प्रत्यक्षात चांगल्या हवेतही निम्मे, आणि शेजारच्या पंधरा-वीस राउटरशी वाटून घेतल्यावर तुमच्या वाट्याला येतात ते हे १५–२०. फोनच्या वाय-फाय तपशिलात फ्रिक्वेन्सी दिसते, खात्री करून घ्या.

सिग्नल डीबीएममध्ये मोजा. अँड्रॉइडवर त्यासाठी मोफत अॅप आहेत. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की आकडा दिसतो. −५० उत्तम. व्हिडिओ मीटिंगला −६७ पर्यंत ठीक. −७५ ला रडगाणं सुरू होतं, −८० ला जोडणी नावापुरती. ही पट्टी सरळ नाही: ३ डीबी घटले की शक्ती निम्मी, १० घटले की दहावा भाग. म्हणून राउटर कप्प्यातून बाहेर काढून चार फूट सरकवला आणि ६–७ डीबी मिळाले, तर ती लहान सुधारणा समजू नका.

कुठे ठेवायचा? घराच्या मध्याजवळ, पाच-सहा फूट उंचीवर, उघड्यावर. टीव्हीच्या मागे नको. टीव्हीची पाठ म्हणजे धातूचा पत्रा. गोदरेजचं कपाट, मोठा आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी, फिश टँक यातलं काहीही राउटर आणि बेडरूमच्या सरळ रेषेत आलं तर सिग्नल अडतो. आरसा अडवतो तो काचेमुळे नाही, मागच्या धातूच्या थरामुळे. दोन खोल्यांच्या मध्ये बाथरूम असेल तर टाइल, पाइप आणि ओल मिळून चांगलाच फटका बसतो. साधी चार-पाच इंची विटांची भिंत ५ गिगाहर्ट्झ एकदा पार करतो, दुसऱ्या भिंतीला धापा टाकतो. सलग काँक्रीटच्या, आत सळ्यांची जाळी असलेल्या भिंती अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतून बांधलेल्या नव्या टॉवरमध्ये सर्रास असतात; तिथे एका खोलीला एक वाय-फाय स्रोत हा हिशोब धरूनच चाला. कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती आणि जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती यांचंही तेच, विशेषतः पावसाळ्यात ओल धरल्यावर.

राउटरला बाहेरच्या अँटेना असतील तर त्या उभ्या ठेवा. दांड्याच्या बाजूंना सिग्नल सर्वांत जास्त जातो, टोकाच्या दिशेने सर्वांत कमी. अँटेना बेडरूमकडे भाल्यासारखी रोखून ठेवली तर नेमका बेडरूमचा सिग्नल कमी होतो. अँटेनांच्या संख्येवरून मात्र काहीच ठरत नाही.

फायबर हलवता येत नाही म्हणून पेटी कोपऱ्यातच राहणार, ही अडचण खरी आहे. तेव्हा पेटी तिथेच ठेवा, तिचं वाय-फाय बंद करा आणि तिच्यापासून घराच्या मध्यापर्यंत लॅन केबल नेऊन तिथे वेगळा राउटर लावा. माझ्या मते घरच्या वाय-फायमध्ये पैशाला सर्वांत जास्त मोल देणारी गोष्ट म्हणजे ही दहा-पंधरा मीटर केबल. ती कॅट ६ घ्या आणि शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल अर्ध्या किमतीत मिळते. ती वाकवताना तुटते, क्रिंपमध्ये सैल पडते आणि पुन्हा तेच १०० वर उतरणं सुरू होतं. बहुतेक फ्लॅटमध्ये टेलिफोन आणि केबल टीव्हीसाठी भिंतीत पाइप टाकलेले असतात आणि आता रिकामेच असतात. वायरमनकडून स्प्रिंग घालून त्यातूनच केबल ओढून घ्या. विजेच्या वायरच्या पाइपमधून ओढू देऊ नका, तो "काही होत नाही" म्हणाला तरी. त्यात सुरक्षेचा प्रश्न आहे.

घरात जुना राउटर पडून असेल तर तोच दुसरा अॅक्सेस पॉइंट (केबलवरचं नेट वाय-फायने पसरवणारं उपकरण) होतो, फक्त त्याच्यावरचे पोर्ट १०० चे असतील तर ९५ च्या वर अपेक्षा ठेवू नका. त्याच्या सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर असं करा: आधी मुख्य पेटीला न जोडता फक्त लॅपटॉप जोडून त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा (मुख्य पेटी १९२.१६८.१.१ असेल तर). मग त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा. वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य वाय-फायसारखाच अक्षर न् अक्षर ठेवा, चॅनल (पट्ट्याचा भाग) मात्र वेगळा. शेवटी केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर घरात पत्ते वाटणारे दोन जण होतात आणि कुठलाही फोन कधीही नेट गमावतो. लक्षण इतकं अनियमित असतं की लोक महिनाभर कंपनीला दोष देत बसतात.

रिपीटर, ज्याला दुकानदार एक्स्टेंडर म्हणतात, तो एकाच रेडिओने ऐकतो आणि तोच मजकूर परत बोलतो, त्यामुळे वेग निम्मा किंवा त्याहून कमी होतो. शिवाय लोक तो जिथे सिग्नल नाही तिथे लावतात. लावायचाच तर निम्म्या वाटेवर, जिथे अजून −६० ते −६५ मिळतो तिथे लावा. मेश संचही (एकाच नावाने चालणारी दोन-तीन वाय-फाय उपकरणं) वायरशिवाय चालवला तर बहुधा याच मर्यादेत अडकतो. त्यातली दोन उपकरणं वायरने जोडली की मात्र तो छान चालतो.

चॅनल आणि सेटिंग

२.४ वर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. शेजाऱ्यांनी ६ गजबजवला म्हणून तुम्ही ४ घेतलात तर १ आणि ६ दोन्हीचा गोंगाट तुमच्या कानात. त्यापेक्षा ६ वरच राहणं बरं, कारण एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांची बोलणी ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेले एकमेकांना ओळखतच नाहीत. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली तर कागदावर ३०० दिसतात आणि इमारतीत सगळ्यांचंच बिघडतं, तुमचंही.

५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदी योग्य. ३६ ते ४८ हा गट बहुतेक राउटर आपोआप घेतात, म्हणून तिथे गर्दी. १४९ ते १६१ करून बघा, अनेकदा तो मोकळा मिळतो. भारतात २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त वापरासाठी बराच वाढवण्यात आला, पण जुन्या किंवा परदेशातून आणलेल्या उपकरणांना त्यातले काही चॅनल दिसत नाहीत. चॅनल बदलल्यावर एखादा टीव्ही वाय-फायच दाखवेनासा झाला तर कारण हेच. ५२ ते १४४ मधले चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत: राउटर सुरू होताना किमान मिनिटभर रडार ऐकत थांबतो आणि चालू असताना रडारसारखं काही ऐकलं की तो चॅनल सोडून पळतो. ५ गिगाहर्ट्झचं नाव अधूनमधून मिनिटभर गायब होत असेल तर हे तपासा. मीटिंगवर पोट असलेल्यांनी हे चॅनल टाळावेत.

चॅनल ऑटोवर ठेवला तरी बरेच स्वस्त राउटर फक्त सुरू होताना एकदाच निवड करतात. बंद करून चालू केल्यावर नेट सुधारलं असं वाटतं, त्यामागे कधीकधी एवढंच असतं.

सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ एईएस, किंवा सगळी उपकरणं नवी असतील तर डब्ल्यूपीए३. टीकेआयपी असा पर्याय कुठे निवडलेला दिसला तर लगेच काढा. तो चालू असताना वाय-फाय ५४ एमबीपीएसच्या जुन्या वेगांवर बांधलं जातं, मग राउटर कितीही महाग असो. डब्ल्यूपीएस (बटण दाबून पासवर्डशिवाय जोडण्याची सोय) बंद करा.

मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. तो सुरू असताना २.४ वरचं ब्लूटूथ आणि वाय-फाय दोन्ही अडखळतात. ओव्हन बिघडलेला नसतो, आणि ५ गिगाहर्ट्झवर गेलात की प्रश्न संपतो.

संध्याकाळची मीटिंग

आता तिसरी तक्रार. वेग पुरेसा असूनही आवाज का तुटतो? एका मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात. पण घरातल्या फोनने संध्याकाळी चार्जिंगला लागताच दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले की अपलोड पूर्ण भरतो. पेटी जादा पाकिटं (नेटवर जाणाऱ्या माहितीचे तुकडे) टाकून न देता स्वतःच्या साठ्यात रांगेत उभी करते. तुमच्या आवाजाची इवलीशी पाकिटं त्याच रांगेत शेवटी, टोल नाक्यावर ट्रकांच्या मागे अडकलेल्या रुग्णवाहिकेसारखी. वेग कमी झालेला नसतो, वाट बघण्याचा वेळ वाढलेला असतो. याला बफरब्लोट म्हणतात.

तपासणी सोपी आहे. वायरवर ८.८.८.८ ला पिंग सुरू करा, आणि दुसऱ्या उपकरणावरून एखादी दोन गिगाबाइटची फाइल क्लाउडवर चढवा. पिंग ८ वरून १५–२० वर गेला तर काळजी नाही. ३०० झाला तर आजार सापडला. अपलोडही डाउनलोडइतकाच देणाऱ्या फायबर प्लॅनवर हे कमी दिसतं. अपलोड तोकडा असलेल्या प्लॅनवर फार.

पक्का उपाय म्हणजे रांगेचं व्यवस्थापन. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली: रांग किती लांब आहे यापेक्षा पाकीट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजायचं, आणि वेळ वाढला की वेळीच थोडी पाकिटं टाकून पाठवणाऱ्याला धीमं करायचं. त्यावर उभ्या राहिलेल्या एफक्यू-कोडेल आणि केक या पद्धती ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त फर्मवेअरमध्ये एसक्यूएम नावाने मिळतात. लावताना वायरवर मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के मर्यादा द्या: २०० मिळत असतील तर १८०, अपलोड ५० असेल तर ४५. थोडा वेग मुद्दाम सोडायचा, म्हणजे रांग कंपनीच्या पेटीत न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तुमच्या ताब्यात राहते. मात्र यात प्रत्येक पाकीट प्रोसेसरकडून जातं, हार्डवेअरची शॉर्टकट वाट बंद होते. हजार-दीड हजाराचा राउटर यात १००–१५० च्या आसपास दमतो; २०० साठी दोन कोअरचा एआरएम प्रोसेसर हवा.

एवढ्यात पडायचं नसेल तर फोनमधला फोटो बॅकअप रात्री दोननंतर किंवा हाताने करायचा ठेवा, आणि ज्या लॅपटॉपवर मीटिंग असते तो वायरने जोडा. पुष्कळ घरांत एवढ्यानेच भागतं.

तरी नवा घ्यायचाच असेल तर

खोक्यावरचा मोठा आकडा दोन्ही पट्ट्यांची बेरीज असतो. एसी१२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७. एएक्स१८०० म्हणजे ५७४ आणि १२०१. एएक्स३००० म्हणजे ५७४ आणि २४०२, आणि हे २४०२ फक्त १६० मेगाहर्ट्झ रुंदीत, जी तुमच्या फोनला बहुधा जमत नाही आणि दाट वस्तीत टिकत नाही. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, आणि बहुतेक फोन-लॅपटॉपना दोनच अँटेना असतात. ८६७ च्या जोडणीवर एकाच खोलीत प्रत्यक्षात ४५०–५५० मिळतात. म्हणजे २०० च्या प्लॅनला एसी१२०० चा रेडिओही पुरून उरतो. मग अडतं कुठे? त्याच्या पोर्टपाशी. स्वस्त एसी१२०० मधले कित्येक १०० च्या वॅन पोर्टने येतात, आणि २०० च्या प्लॅनवर जन्मभर ९४ दाखवतात. खोक्यावर "१०/१००" दिसलं तर खाली ठेवा, "१०/१००/१०००" हवं.

तुमच्या घरासाठी गिगाबिट पोर्टचा साधा वाय-फाय ६ राउटर, एएक्स१५०० किंवा एएक्स१८०० वर्गातला, पुरेसा आहे. वाय-फाय ६ चा खरा फायदा कमाल वेगात नाही. पंधरा-वीस उपकरणं एकदम बोलत असताना हवेतला वेळ तो नीट वाटून देतो, त्यात आहे. घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत ते मॉडेल आणि त्याची नेमकी हार्डवेअर आवृत्ती आहे का बघा. एकाच नावाखाली आवृत्ती १ आणि आवृत्ती ३ मध्ये चिप बदललेली असते आणि दुकानदाराला ते माहीत नसतं. खोक्याच्या लेबलवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. सात-आठ हजारांच्या एका राउटरऐवजी अडीच-तीन हजारांचा एक, पंधरा मीटर तांब्याची केबल आणि नवा अॅडॅप्टर एवढं घेतलंत तर बेडरूममध्ये १५० च्या वर जायला अडचण येऊ नये.

नवा राउटर पेटीमागे लावताना कंपनीकडून पेटी ब्रिज मोडमध्ये (ती फक्त सिग्नल पुढे देते, राउटरचं काम करत नाही) टाकून घ्या आणि पीपीपीओईचं (कंपनीच्या लॉगिनचं) नाव-पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरा. कंपनी नकार देत असेल तर राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये चालवा, पण मग एसक्यूएम त्यात नेहमीच्या पद्धतीने लागणार नाही. ते हवं असेल तर दुहेरी नॅट (पत्त्यांचं भाषांतर पेटीत आणि राउटरमध्ये असं दोनदा) पत्करून राउटर मोडमध्येच ठेवा. ब्राउझिंग आणि मीटिंगला दुहेरी नॅटने काही बिघडत नाही. ऑनलाइन गेम आणि बाहेरून घरचा कॅमेरा बघणं यात अडचण येऊ शकते. पेटीतला वॅन पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर कंपनीनेच तुम्हाला सामायिक पत्त्यामागे ठेवलं आहे, तिथे ब्रिज मोडनेही कॅमेऱ्याचा पोर्ट उघडणार नाही. त्यासाठी कंपनीकडे स्वतंत्र स्थिर पत्ता मागावा लागतो, किंवा कॅमेरा आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) वर किंवा त्याच्या स्वतःच्या क्लाउडवर चालवावा लागतो.